नवा कर्व्ह्ड गेमिंग मॉनिटर मनासारखा दिसत नाही? परत पाठवण्याआधी हे तपासा

कर्व्ह्ड गेमिंग मॉनिटर घेतल्यावर पहिल्या आठवड्यात येणाऱ्या तक्रारी जवळपास ठरलेल्या आहेत. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलण्याचा, काही फरक जाणवत नाही. काळा रंग करडा दिसतो. अंधाऱ्या दृश्यात पात्र हललं की मागे काळपट शेपूट राहतं. अक्षरं विस्कटलेली वाटतात. एक्सेलच्या सरळ रेघा वाकलेल्या दिसतात. हे सगळं एकदम समोर येतं आणि खापर पडद्याच्या बाकावर, म्हणजे वक्रतेवर, फुटतं. खरं तर यातल्या फक्त शेवटच्या तक्रारीचा बाकाशी थेट संबंध आहे. बाकीच्यांची मुळं तीन ठिकाणी असतात: एखादी सेटिंग चुकलेली असते, मॉनिटर चुकीच्या जागी ठेवलेला असतो, किंवा आतलं पॅनेलच तुमच्या कामाचं नसतं. पहिली दोन कारणं पैसे न खर्चता दूर होतात. तिसऱ्यावर सेटिंगमध्ये उपाय नाही, मॉनिटर बदलणं हाच मार्ग. आणि बदलायचा तर मुदतीत. म्हणून खालच्या गोष्टी त्याच क्रमाने तपासा.

आधी मुदत, मग खोकं

बिल काढा आणि परतीची शेवटची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ऑनलाइन खरेदीत ही मुदत बहुधा ७ किंवा १० दिवसांची असते, आणि बऱ्याच ठिकाणी पैसे परत न मिळता फक्त बदली मिळते, तीही दोष सिद्ध झाला तर. 'आवडला नाही' हे कारण तिथे चालत नाही. खोकं, थर्माकोल, पॅनेलवरची पिशवी, सगळ्या केबल, अडॅप्टर, स्क्रू जपून ठेवा. मागच्या स्टिकरवरच्या सिरियल नंबरचा फोटो काढा. खोकं अजून उघडलं नसेल तर उघडतानाचा सलग व्हिडिओ घ्या, त्यात खोक्यावरचं लेबल आणि पहिल्यांदा सुरू झालेला पडदा दोन्ही दिसले पाहिजेत.

स्टँड जोडताना पॅनेल थर्माकोलमध्येच राहू द्या. कर्व्ह्ड पडदा सपाट टेबलावर पालथा घातला की वजन दोन्ही कडांवर येतं आणि मागून स्क्रू पिळताना मधला भाग दबतो. उचलतानाही बोटं काचेवर नकोत, चौकटीच्या खालच्या आणि मागच्या बाजूने धरा. अंगठ्याच्या दाबाने पडलेला डाग वॉरंटीत बसत नाही.

मॉनिटर खरोखर १४४ वर चालतोय का

सर्वाधिक निराशा इथून येते आणि सर्वात सोपा उपायही इथेच आहे. नवा मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा त्याला ६० हर्ट्झवरच चालवतं. सेटिंग्ज उघडा, सिस्टिम, मग डिस्प्ले, मग 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले'. तिथे 'चूज अ रिफ्रेश रेट' मध्ये यादीतला सर्वात मोठा आकडा निवडा. ६० हर्ट्झला एक चित्र पडद्यावर १६.७ मिलिसेकंद टिकतं, १४४ ला ६.९. माउस गोल फिरवला तरी हा फरक लगेच कळतो. खात्री हवी असेल तर ब्लर बस्टर्सची यूएफओ चाचणी (पडद्यावर सरकणारं यान दाखवणारी) ब्राउझरमध्ये चालवा, ती चालू असलेला रिफ्रेश रेट आकड्यात दाखवते.

यादीत मोठा आकडा दिसतच नसेल तर केबल बघा. डेस्कटॉपच्या मागे एकावर एक उभे पोर्ट असतात ते मदरबोर्डचे, त्यांच्या खाली आडव्या ओळीत असतात ते ग्राफिक्स कार्डचे. केबल आडव्या ओळीत हवी. चुकून वरच्या पोर्टात गेली तर प्रोसेसरमधलं छोटं ग्राफिक्स पडदा चालवतं आणि बहुतेक वेळा महागड्या कार्डाचा पुरता उपयोग होत नाही.

मग पोर्टची क्षमता. २५६० बाय १४४० चा पडदा डिस्प्लेपोर्ट १.२ वर १६५ हर्ट्झपर्यंत चालतो, एचडीएमआय २.० वर १४४ पर्यंत, आणि एचडीएमआय १.४ वर ७५ च्या आसपास अडकतो. ३४ इंची ३४४० बाय १४४० अल्ट्रावाइड एचडीएमआय २.० वर साधारण १०० हर्ट्झलाच थांबतो. पीसीसाठी डिस्प्लेपोर्टच वापरा, आणि शक्यतो मॉनिटरच्या खोक्यात आलेली केबल. जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल लावून पडदा मधूनमधून काळा होत असेल तर दोष केबलचा असण्याची शक्यता जास्त.

शेवटी गेममध्ये जा. तिथल्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट वेगळा निवडावा लागतो, आणि फ्रेमची (गेम सेकंदाला काढतो त्या चित्रांची) मर्यादा ६० वर ठेवलेली असू शकते. ती उठवूनही गेम ७० फ्रेमच देत असेल तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. १०८० च्या (१९२० बाय १०८०) पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, १४४० वर (२५६० बाय १४४०) ३६.९ लाख, ३४ इंची अल्ट्रावाइडवर ४९.५ लाख. म्हणजे जुन्या १०८० मॉनिटरवरून अल्ट्रावाइडवर गेलात की कार्डाचं काम सुमारे २.४ पट होतं. गेमचं ग्राफिक्स 'अल्ट्रा'वरून 'हाय'वर आणा, सावल्या आणि रे ट्रेसिंग आधी कमी करा. चालत असेल तर डीएलएसएस किंवा एफएसआर (गेम कमी पिक्सेलांत काढून चित्र हुशारीने मोठं करणाऱ्या सोयी) 'क्वालिटी'वर ठेवा. पडद्याचं रिझोल्यूशन मात्र उतरवू नका, त्याने चित्र सगळीकडे मऊ पडतं.

काळा रंग करडा का दिसतो

मॉनिटरच्या मेनूत जाऊन सगळं एकदा फॅक्टरी रिसेट करा. मग चित्राचा मोड 'स्टँडर्ड' किंवा 'कस्टम' निवडा. 'एफपीएस', 'रेसिंग', 'आरटीएस' असे मोड अंधारातला शत्रू दिसावा म्हणून सावल्या उजळवतात, त्यात काळा रंग धुतल्यासारखा दिसणारच. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा. सावल्या उजळवणारं 'ब्लॅक इक्वलायझर' मधल्या आकड्यावर ठेवा. गॅमा २.२, रंगाचं तापमान ६५०० के किंवा 'वॉर्म'. शार्पनेस रिसेटनंतर जिथे आहे तिथेच राहू द्या, वाढवला की अक्षरांभोवती पांढरी कड येते.

ब्राइटनेस कारखान्यातून बहुधा खूप चढवून येतो. मोजायचं यंत्र नसेल तर एक पांढरा कोरा कागद पडद्याशेजारी धरा आणि पडद्यावर पांढरी विंडो उघडा. खोलीतल्या नेहमीच्या उजेडात दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी करा. रात्रीच्या खोलीत हा आकडा मेनूत बहुधा २० ते ४० मध्ये येतो. सुरुवातीला मंद वाटेल, पण तासाभरात डोळे सरावतात आणि काळा रंग खरोखर काळा दिसू लागतो.

एचडीएमआय वापरत असाल तर आणखी एक जागा तपासा. ग्राफिक्स कार्ड कधीकधी मॉनिटरला टीव्ही समजतं आणि ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५ इतकाच रंगपल्ला पाठवतं. मॉनिटर मात्र पूर्ण पल्ल्याची वाट बघत असतो, म्हणून त्याला मिळालेला सर्वात काळा रंगही करडाच असतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये 'चेंज रिझोल्यूशन' उघडा, खाली 'यूज एनव्हिडिया कलर सेटिंग्ज' निवडा आणि 'आउटपुट डायनॅमिक रेंज' 'फुल' करा. एएमडीच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच 'पिक्सेल फॉरमॅट' या नावाखाली मिळतं, तिथे फुल आरजीबी निवडा. मॉनिटरच्या मेनूतली 'एचडीएमआय ब्लॅक लेव्हल' याच्याशी जुळली पाहिजे. उलटी जुळली तर करडेपणा जातो पण सावल्यांमधला सगळा तपशील काळ्यात बुडतो.

एचडीआर (लख्ख आणि गडद यांतला फरक वाढवून दाखवणारा मोड) बंद ठेवा. खोक्यावर 'एचडीआर १०' किंवा 'डिस्प्लेएचडीआर ४००' लिहिलेलं असतं म्हणून लोक ते चालू करतात आणि सगळा डेस्कटॉप फिकट पडतो. डिस्प्लेएचडीआर ४०० च्या मानकात ४०० निटची (निट हे उजळतेचं एकक) कमाल उजळता लागते, पण पडद्याचे भाग वेगवेगळे मंद करण्याची सक्ती नाही. एकच बॅकलाइट सगळ्या पडद्यामागे असेल तर एका कोपऱ्यात गडद आणि दुसऱ्यात लख्ख असं होऊच शकत नाही. विंडोजमध्ये विंडोज, ऑल्ट आणि बी ही बटणं एकत्र दाबली की एचडीआर चालू-बंद होतं. पडद्याचे भाग वेगवेगळे उजळवू शकणारं मिनी एलईडी किंवा ओलेड पॅनेल असेल तरच ते वापरण्यात अर्थ आहे.

हलत्या चित्रामागचं काळं शेपूट

इथे थोडं थांबायला हवं, कारण परत पाठवायचं की नाही हा निर्णय बहुधा याच तक्रारीवर ठरतो.

व्हीए आणि आयपीएस हे एलसीडी पॅनेलचे दोन प्रकार. स्वस्त आणि मध्यम किमतीचे बहुतेक कर्व्ह्ड मॉनिटर व्हीए पॅनेलचे असतात. व्हीएचा कॉन्ट्रास्ट साधारण ३०००:१ असतो, आयपीएसचा १०००:१ च्या आसपास. म्हणून अंधाऱ्या खोलीत व्हीएवरचा काळा सुंदर दिसतो. त्याची किंमत वेगात मोजावी लागते. व्हीएमधले द्रव स्फटिक विद्युतदाब नसताना उभे असतात आणि प्रकाश अडवतात. पूर्ण काळ्यातून गडद करड्याकडे जायला अगदी थोडा दाब मिळतो आणि तेवढ्या दाबाला स्फटिक हळू वळतात. काळ्यातून पांढऱ्याकडे जाणं मात्र झपाट्याने होतं. म्हणूनच दिवसाच्या दृश्यात सगळं ठीक वाटतं आणि गुहेत, रात्रीच्या रस्त्यावर, काळ्या पार्श्वभूमीवर मजकूर सरकवताना शेपूट दिसतं.

खोक्यावरचा '१ मिलिसेकंद' यात फसवा ठरतो. तो आकडा बहुधा एमपीआरटीचा असतो, म्हणजे बॅकलाइट लुकलुकवून मिळवलेला. पिक्सेल एका करड्यातून दुसऱ्यात किती वेळात जातो हे मोजणारा जीटीजी आकडा वेगळा, आणि तोही सर्वात अनुकूल बदलासाठी दिलेला असू शकतो.

आता उपाय. मेनूत 'ओव्हरड्राइव्ह', 'रिस्पॉन्स टाइम' किंवा कंपनीनुसार वेगळ्या नावाची एक सेटिंग असते, बहुधा तीन ते पाच पायऱ्यांची. यूएफओ चाचणी लावा, पार्श्वभूमी गडद निवडा आणि एकेक पायरी चढत जा. शेपूट कमी होत जाईल, मग एका पायरीवर यानाच्या मागे उजळ किंवा रंगीत कड उमटेल. तिला उलटं घोस्टिंग म्हणतात, पिक्सेल हव्या त्या रंगाच्या पुढे निघून जातो म्हणून ती येते. ती दिसली की एक पायरी खाली या. बहुतेक मॉनिटरांवर योग्य जागा मधली असते, सर्वात वरची नव्हे. ही तपासणी कमाल रिफ्रेश रेटवर करा, आणि मॉनिटर निदान अर्धा तास चालू असताना. थंडीत द्रव स्फटिक आणखी मंदावतात. डिसेंबर-जानेवारीत नाशिक किंवा पुण्यात पहाटे लावलेला पडदा तासाभराने बराच सुधारलेला दिसतो.

तरी शेपूट उरलं तर गेममधला ब्राइटनेस किंवा मॉनिटरचा ब्लॅक इक्वलायझर एक-दोन घरं वाढवा. पिक्सेल पूर्ण काळ्यापर्यंत गेलेच नाहीत की त्यातून बाहेर यायचा वेळ वाचतो. थोडा काळेपणा जातो, हालचाल साफ होते. बॅकलाइट लुकलुकवणारा मोडही आहे, पण त्यात उजळता बरीच घटते आणि बहुतेक मॉनिटरांवर जी-सिंक किंवा फ्रीसिंक (गेमच्या फ्रेमनुसार पडद्याचा रिफ्रेश रेट बदलणारी सोय) त्याच्याबरोबर चालत नाही. काहींचं त्याने डोकंही दुखतं. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलरंट स्पर्धेच्या ओढीने खेळणाऱ्याने मात्र या उपायांवर आठवडा घालवू नये. या पॅनेलचा स्वभाव तोच राहणार. मुदत आहे तोवर आयपीएसकडे वळावं.

लुकलुक आणि अचानक काळा पडणारा पडदा

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. गेमच्या लोडिंग स्क्रीनवर, मेनूत किंवा अंधाऱ्या दृश्यात उजेड थरथरत असेल तर ती व्हीआरआरची, म्हणजे जी-सिंक किंवा फ्रीसिंकमुळे बदलत्या रिफ्रेश रेटची, लुकलुक. फ्रेम रेट झपाट्याने खालीवर झाला की पडद्याचा रिफ्रेश रेटही तसाच उड्या मारतो, आणि व्हीए व ओलेड पॅनेलची गडद रंगातली उजळता रिफ्रेश रेटनुसार किंचित बदलते. डोळ्यांना ती थरथर दिसते. फ्रेमची वरची मर्यादा बांधा, १४४ च्या मॉनिटरला साधारण १३८ ते १४१. ग्राफिक्स इतकं उतरवा की फ्रेम ६० च्या खाली जाणार नाहीत. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये जी-सिंक फक्त फुल स्क्रीनसाठी चालू ठेवा, म्हणजे डेस्कटॉपवर त्रास होणार नाही. तरीही एखाद्या गेममध्ये थरथर राहिली तर त्या गेमपुरतं जी-सिंक बंद करणं योग्य.

पडदा अर्धा-एक सेकंद पूर्ण काळा होऊन परत येत असेल तर केबल किंवा वीज बघा. गॅस लिफ्टच्या खुर्चीवरून उठता-बसताना स्थिर विजेचा छोटा झटका बसतो आणि कमी आवरणाची केबल तो पकडते, हे वाचायला चमत्कारिक वाटलं तरी खरं आहे. पंखा किंवा ट्यूबलाइटचं बटण दाबताना पडदा जात असेल तर सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. जुन्या इमारतींत तीन भोकांचा सॉकेट असतो पण अर्थिंगची तार जोडलेलीच नसते. केबल लहान घ्या, दोन मीटरच्या आतली, आणि ती पॉवर केबलच्या गुंडाळीपासून दूर न्या.

बाक, अंतर आणि उंची

१५००आर म्हणजे पडदा १५०० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा आहे. आकडा लहान तितका बाक जास्त. २७ इंची पडदा सुमारे ६० सेंटिमीटर रुंद असतो. १८००आर असेल तर त्याच्या कडा मध्यापेक्षा जेमतेम अडीच सेंटिमीटर पुढे येतात, १५००आर असेल तर तीन. 'बाक जाणवतच नाही' ही निराशा त्यामुळेच, आणि ती रास्त आहे: २७ इंचाला सौम्य बाक घेऊन फारसं काही मिळत नाही. ३४ इंची अल्ट्रावाइडला १०००आर बाक असेल तर कडा जवळपास ८ सेंटिमीटर पुढे येतात आणि ४९ इंची १०००आरला १७ सेंटिमीटर. तिथे बाक कामाला येतो.

काम कोणतं तेही समजून घ्या. व्हीए पॅनेल तिरकं बघितलं की रंग फिके पडतात. २७ इंची सपाट पडद्यापासून ७० सेंटिमीटरवर बसलात तर कडेकडे तुमची नजर सुमारे २३ अंश तिरकी पडते. १५००आर बाकाने ती साधारण १२ अंशांवर येते, १०००आरने ७ वर. म्हणजे कडेचा रंग मध्याशी जुळतो. पण हे समोर मधोमध बसलेल्या एकाच माणसासाठी. पलंगावरून बाजूने सिनेमा बघणाऱ्याला बाकाने काही मिळत नाही.

अंतर २७ इंचाला ६० ते ७५ सेंटिमीटर ठेवा, ३२ इंचाला ७५ ते ९०, ३४ इंची अल्ट्रावाइडला ७० ते ८५. आपल्याकडची अडचण टेबलाची असते. दोन फुटी टेबल ६० सेंटिमीटर खोल असतं, त्यात व्हीच्या आकाराचा स्टँड मागे २०-२५ सेंटिमीटर जागा खातो, आणि पडदा नाकासमोर येतो. बाक डोक्याभोवती गुंडाळल्यासारखा वाटतो तो यामुळे. टेबल भिंतीपासून थोडं पुढे ओढून स्टँडचे मागचे पाय टेबलाच्या कडेपर्यंत सरकवा, किंवा मॉनिटर आर्म लावा. आर्म घेताना स्टँड वगळून पडद्याचं वजन बघा आणि मागच्या भोकांचं माप, ७५ की १०० मिलिमीटर. कर्व्ह्ड पडद्याचं वजन पुढे झुकलेलं असतं, त्यामुळे आर्मची क्षमता वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त असू द्या, नाहीतर पडदा हळूहळू खाली मान टाकतो.

सरळ रेघा वाकड्या दिसण्याचं मुख्य कारण उंची. डोळे पडद्याच्या मध्याच्या पातळीत असले की आडवी रेघ आडवी दिसते. पडदा फार खाली असेल आणि तुम्ही वरून बघत असाल तर प्रत्येक आडवी रेघ धनुष्यासारखी वाकते. डोळे पडद्याच्या मध्यापासून वरच्या एक-तृतीयांशापर्यंत कुठेतरी येतील अशी उंची ठेवा आणि पडदा किंचित मागे कलवा. स्टँड वर जात नसेल तर खाली जाड फळी ठेवा. उरलेला वाकडेपणा आठवडा-दोन आठवड्यांत नजरेला सवयीचा होतो. ऑटोकॅड, घरांचे नकाशे, छपाईची पानं असं रोजचं काम असणाऱ्यांनी मात्र सवयीची वाट बघू नये, त्यांना सपाट पडदाच हवा.

उजेडाचंही बघा. पाठीमागच्या भिंतीवरची ट्यूबलाइट सपाट पडद्यावर एका जागी चमकते, कर्व्ह्ड पडद्यावर तिचा आडवा लांब पट्टा होतो. खिडकी किंवा बाल्कनी पाठीमागे नको, बाजूला असावी.

अक्षरं फुटलेली दिसतात तेव्हा

आधी पिक्सेलची दाटी बघा. २४ इंची १०८० पडद्यावर इंचाला सुमारे ९२ पिक्सेल येतात. २७ इंची १०८० वर ८२, ३२ इंची १०८० वर फक्त ६९. २७ इंची १४४० वर १०९ आणि ३४ इंची अल्ट्रावाइडवरही तेवढेच. ३२ इंची १०८० कर्व्ह्ड मॉनिटर जाहिरातीत भव्य वाटतो आणि टेबलावर आल्यावर अक्षरांच्या पायऱ्या मोजता येतात. मराठी मजकुराला याचा फटका जास्त बसतो: रफार, अनुस्वार, उकार आणि उभी जोडाक्षरं यांना थोड्याशा उंचीत बरंच काही बसवायचं असतं, ६९ पिक्सेलांत ते एकमेकांत मिसळतं.

विंडोजच्या शोधपट्टीत 'क्लिअरटाइप' (अक्षरं साफ दाखवणारी विंडोजची सोय) टाइप करा आणि 'ॲडजस्ट क्लिअरटाइप टेक्स्ट' मधल्या सगळ्या पायऱ्या पूर्ण करा. काही पॅनेलांत लाल-हिरवा-निळा हा उपपिक्सेलांचा क्रम उलटा असतो, तिथे या एका कामाने मोठा फरक पडतो. रिझोल्यूशन 'रेकमेंडेड' हेच ठेवा. ब्राउझरचा झूम ११० ते १२५ टक्के करा. क्यूडी-ओलेड पॅनेलवर, उदाहरणार्थ २०२२ मध्ये आलेल्या एलियनवेअरच्या ३४ इंची मॉनिटरवर, उपपिक्सेल त्रिकोणात मांडलेले असतात, म्हणून अक्षरांच्या कडांना हिरवट-गुलाबी झाक दिसते. ती क्लिअरटाइपने पूर्ण जात नाही.

अल्ट्रावाइड असेल तर दोन्ही बाजूंचे काळे पट्टे हा बिघाड नव्हे. यूट्यूबचे बहुतेक व्हिडिओ १६:९ असतात. व्हॅलरंट आणि एल्डन रिंग अधिकृतपणे १६:९ मध्येच चालतात. प्लेस्टेशन ५ ला अल्ट्रावाइडचा आधार नाही.

बिघाड की स्वभाव

पडदा अर्धा तास चालू ठेवा, खोली अंधारी करा, ब्राइटनेस रोजच्या आकड्यावर ठेवा आणि पूर्ण काळं चित्र लावा. कडेला पिवळट उजेडाचा झोत ठरावीक जागी दिसत असेल तर बॅकलाइट गळतो आहे. कर्व्ह्ड पॅनेलमध्ये काच वाकवून बसवलेली असते, त्यामुळे ताणाच्या जागी ढगाळ डाग येण्याचा संभव थोडा जास्त. मग पांढरं, लाल, हिरवं, निळं चित्र लावून मेलेले पिक्सेल शोधा. एक-दोन पिक्सेलांवर बहुतेक कंपन्या बदली देत नाहीत, त्यांच्या धोरणात किमान संख्या ठरलेली असते, ती आधी वाचा.

फोटो काढताना मोबाइलचा कॅमेरा अंधारात आपोआप उजेड वाढवतो आणि साधा डागही भयंकर दिसतो. सेवा केंद्राचा माणूस असा फोटो लगेच नाकारतो. मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून एक्सपोजर लॉक करा, आणि डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसेपर्यंत ते खाली ओढा. लुकलुकीचा आणि काळ्या पडणाऱ्या पडद्याचा व्हिडिओ घ्या, त्यात मॉनिटरचा मेनू उघडून रिफ्रेश रेटही दाखवा.

तक्रारीत 'आवडला नाही' लिहू नका, दिसलेलं लिहा: उजव्या खालच्या कोपऱ्यात गळती, केबल आणि पोर्ट बदलूनही पडदा काळा होतो, जाहिरातीत १६५ हर्ट्झ पण यादीत १४४ च. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीतल्या गुणांशी न जुळणारा माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही जाता येतं. व्हीएचं शेपूट किंवा सौम्य बाक हा मात्र कायद्याच्या अर्थाने दोष ठरणं अवघड, तिथे दुकानदाराशी अदलाबदलीची बोलणी मुदतीतच करावी लागतात.

बदलून घेताना काय मागायचं ते वापरावर ठरवा. नेमबाजीचे स्पर्धात्मक गेम आणि दिवसा ऑफिसचं काम असेल तर २७ इंची, १४४० चा सपाट आयपीएस. रात्री दिवे मालवून कथाप्रधान गेम, गाड्यांच्या शर्यती, विमानांचे सिम्युलेटर खेळत असाल तर ३४ इंची कर्व्ह्ड व्हीए, १५००आर किंवा १०००आर, आणि तो डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर बसेल एवढी जागा. दुकानात खोक्याच्या पुढच्या बाजूवर विसंबू नका. मागचा तक्ता वाचून चार गोष्टी लिहून घ्या: पॅनेलचा प्रकार, बाकाचा आर आकडा, प्रत्येक पोर्टची आवृत्ती आणि स्टँड वर-खाली होतो की नाही. यातलं काही छापलेलं नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक टाकून बघा. शेवटची दोन अक्षरं बदलली की पॅनेलही बदललेलं असू शकतं.